वाघधोंडीचा कबुलीजबाब

ते प्रकरण मला अजून सोडत नाही. तीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दारूबंदीच्या काळात हातभट्ट्यांमागे डोंगर तुडवले. त्यातलं बरंचसं आता एकमेकांत मिसळून गेलं आहे. कुठल्या खुनातला पंच कुठल्या दरोड्यात उभा होता, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण मलंगगडाखालच्या धबधब्यांवरून एक म्हातारा हरवला होता, त्या अडीच दिवसांतला तास न् तास मला सांगता येतो. यातल्या कुणाचंही नाव मी देणार नाही. ती माणसं आता नसतील, पण त्यांची मुलंबाळं आहेत.

पन्नाशीचं दशक नुकतंच लागलं होतं. मी नवा फौजदार होतो. अंबरनाथ, बदलापूर आणि निर्वासितांची छावणी या पट्ट्यातल्या एका ठाण्यावर माझी नेमणूक होती. छावणीला उल्हासनगर नाव मिळालं होतं, पण ते कागदावर. लोकांच्या तोंडी अजून 'कॅम्प'च होतं. लष्करानं सोडलेल्या बराकींत मध्ये गोणपाटाचे पडदे लावून सिंधी कुटुंबं राहत होती. आमच्या ठाण्यात माझ्याखाली एक जमादार आणि सहा शिपाई. जमादार माझ्या दुप्पट वयाचे होते. त्यांना परिसरातला प्रत्येक गुन्हेगार माहीत होता, आणि ज्याला ते ओळखत नसत, तो लवकरच गुन्हेगार होणार असं त्यांचं मत होतं.

श्रावणातली वद्य सातम होती. संध्याकाळी कॅम्प नंबर तीनमधला एक कापडविक्या धावत ठाण्यात आला. चिखलानं गुडघ्यापर्यंत माखलेला.

"साहेब, बाबा नहीं मिलता. सब ढूंढा. झरने पे गये थे, उधर से गायब है."

मी त्याला बसवून जबाब घेतला. त्यांच्या बराकीतली वीस-पंचवीस माणसं सकाळी मलंगगडाच्या डोंगराकडे सहलीला गेली होती. त्या डोंगराच्या पदरात श्रावणात चार-पाच धबधबे कोसळतात, आणि पलीकडच्या अंगाला रेल्वेनं इंग्रजांच्या काळी बांधलेलं मोठं तळं आहे. मंडळी धबधब्याखाली बसली, जेवली. वाट दाखवायला त्यांनी डोंगराखालच्या वाडीतला एक ठाकर घेतला होता. जेवणानंतर म्हातारबुवांना त्या ठाकराबरोबर वर जाताना काहींनी पाहिलं. नंतर ते परतले नाहीत, आणि ठाकरही दिसला नाही.

म्हातारे सिंधमध्ये शाळामास्तर होते. वय पासष्टच्या पुढं. अंगात काळा लांब कोट, पायात पंप शू. मी मुलाला विचारलं, "घरून निघताना काही भांडण, बोलाचाली?" तो म्हणाला, "नहीं साहेब, कुछ नहीं." हे उत्तर त्यानं जरा लवकर दिलं, हे मला तेव्हाही जाणवलं होतं. पण बाप हरवलेल्या माणसाला पहिल्या संध्याकाळी टोकरायचं नाही असा माझा नियम होता, म्हणून मी पुढं गेलो. तो नियम त्या दिवशी महागात पडला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच शोध सुरू केला. धबधब्याखालच्या डोहात पट्टीचे पोहणारे उतरवले. पाणी इतकं गढूळ, की हाताला हात दिसेना. मी दोन शिपायांना डोंगराच्या पलीकडच्या अंगाला पाठवून तळ्यावरच्या रखवालदाराचाही जबाब घेतला. तो एका वाक्यात होता: 'काल दुपारी इरलं घेतलेला एक ठाकर बांधावरून जाताना पाहिला, याशिवाय कोणी इसम फिरकला नाही.' इरलं म्हणजे पानं आणि बांबूच्या कामट्यांचं, डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकणारं टोप. पावसाळ्यात शेतात वाकून काम करताना आमच्याकडं सगळे तेच घेतात. मी तो जबाब कागदांत लावून ठेवला. इरलंवाला ठाकर ही त्या मुलखात बातमी नव्हे.

त्याच सकाळी वाडीच्या पोलीस पाटलानं माणूस पाठवला. निरोप असा की, त्या वाटाड्या ठाकराच्या झोपडीत चुलीवरच्या दांडीवर काळा लांब कोट वाळत घातलेला आहे.

आम्ही गेलो. कोट होता. खिशात चष्म्याचं घर आणि सिंधी अक्षरांत लिहिलेला, भिजून चिकटलेला एक कागद. पंचांसमक्ष कोट ताब्यात घेतला, मुलानं ओळखला, आणि ठाकराला जीवे मारण्याच्या संशयावरून अटक केली. तिशीतला काटक माणूस. बायको दारात उभी होती. तिनं आरडाओरडा केला नाही. तिनं फक्त विचारलं, "लावणीच्या भाताला पाणी कोण बघंल?" उत्तर द्यायला आमच्यापैकी कुणी थांबलं नाही.

ठाण्यात आणून मी स्वतः त्याची चौकशी केली.

"म्हाताऱ्याला कुठं नेलंस?"

"वाघधोंडीवर, सायब."

वाघधोंड म्हणजे धबधब्याच्या माथ्यावरची अजस्र शिळा. तिच्यावर वाघोबाचा शेंदूर आहे. तिच्या कडेवरून खाली पाहिलं तर सरळ डोह.

"तिथं कशाला नेलंस?"

"त्यानीच सांगला. धोंड, धोंड म्हनत व्हता. हात असे पसरून दाखवला. मोठी धोंड म्हंजे वाघधोंडच. दुसरी हाय कुठं?"

"सिंधी म्हातारा तुला मराठीत म्हणाला, धोंडीवर ने?"

जमादार हसले. शिपाई हसले. मीही हसलो असेन.

"मग कोट तुझ्याकडं कसा?"

"भिजला व्हता. थरथर कापत व्हता बाबा. मी माजा इरला त्याला दिला नि कोट घरी नेला, सुकवून आनतो म्हनून."

"का? त्यांच्या लोकांकडं चूल नव्हती? पंचवीस माणसं जेवायला आलेली, तिथं शेकायचं सोडून कोट तुझ्या घरी?"

"त्यांच्याकडं जालच नव्हता, सायब. एकानीबी जाल केला नाय."

आता जमादार हसले नाहीत. टेबलावर हात आपटून म्हणाले, "साहेब, याला खोटं बोलायचीही अक्कल नाही. सहलीला आलेली माणसं, पाऊस पडतोय, आणि एकाही बाईनं चूल पेटवली नाही म्हणे! उद्या म्हणेल, म्हातारा उडून गेला."

"परत गेलास तेव्हा?"

"गेलो तं बाबा नव्हता. मना वाटला, आपल्या मानसांत गेला. ती बी निंघालेली. मंग मी घरी आलो."

पोलीसखात्यात एक शहाणपण शिकवतात: खऱ्या माणसाची गोष्ट साधी असते. ते बऱ्याच वेळा बरोबर असतं. या माणसाची गोष्ट तर तीन ठिकाणी तुटत होती. परक्या भाषेचा म्हातारा मराठी शब्द बोलला, सहलीच्या ठिकाणी जाळ नव्हता, आणि गरीब ठाकरानं ऐन पावसात स्वतःचं इरलं दुसऱ्याला दिलं. सुतावरून स्वर्ग गाठायला मला तेवढं सूत पुरेसं होतं. अटकेपासून चोवीस तासांत त्याला मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायचं होतं, आणि प्रेत सापडत नव्हतं. संध्याकाळी ठाण्यातून निघताना मी जमादारांना म्हणालो, "बघा जरा."

ठाण्यात या दोन शब्दांचा अर्थ काय होतो, हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला ठाण्यावर आलो, तर व्हरांड्यात म्हाताऱ्याची बायको बसलेली. ती आदल्या दिवसापासूनच येऊन बसत होती. मुलगा शेजारी उभा. रोजच्याप्रमाणे मी ठाणे अंमलदाराची डायरी पाहिली, बंदोबस्ताच्या हुकमांवर सह्या केल्या, आणि शिपायाला म्हणालो, आजींना चहा द्या. शिपाई चहा घेऊन गेला तसा परत आला.

"घेत नाहीत, साहेब. गरम काही चालत नाही म्हणतात."

मला वाटलं उपास असेल. मुलाला विचारलं. तो ओशाळून म्हणाला, "उपास नहीं साहेब. सातम को हमारी थदडी होती है. उस दिन चूल्हा नहीं जलाते. एक दिन पहले का ठंडा खाना खाते हैं, पानी की पूजा करते हैं. अम्मा बोलती है, बाबा आयेगा तब चूल्हा जलायेगी. तीन दिन से घर में आग नहीं."

मी त्याला पुन्हा विचारलं.

"त्या दिवशी धबधब्यावरही कुणी चूल पेटवली नव्हती?"

"कैसे जलायेंगे साहेब? थदडी थी ना. उसी वास्ते तो पानी पे गये थे."

म्हणजे ठाकराची सगळ्यात हास्यास्पद वाटलेली गोष्ट शब्दशः खरी होती. पंचवीस माणसांच्या त्या घोळक्यात जाळ नव्हता. त्यातल्या निम्म्या लोकांचे जबाब माझ्या टेबलावर होते आणि ही गोष्ट एकानंही सांगितली नव्हती, कारण मी विचारलीच नव्हती. आपल्या घरी गणपतीच्या दिवशी मोदक केले होते, असं कुणी पोलिसाला आपण होऊन सांगत नाही.

मी खुर्ची ओढून म्हातारीपुढं बसलो. मुलाला दुभाष्याचं काम दिलं. "सकाळी निघताना मास्तर काय बोलले, सगळं विचारा. एक शब्द गाळायचा नाही."

ती बोलू लागली. मला तिची भाषा कळत नव्हती. पण मधे मधे एक शब्द येत होता, आणि प्रत्येक वेळी ती दोन्ही हात बाजूला पसरत होती. मुलगा खाली मान घालून ऐकत होता, भाषांतर करत नव्हता.

"काय म्हणताहेत त्या? धोंड?"

"धोंड नहीं साहेब." तो म्हणाला. "ढंढ."

"म्हणजे काय?"

"तालाब. बडा तालाब. हमारी बोली में ढंढ बोलते हैं."

मग त्यानं पहिल्या संध्याकाळी गिळलेलं सगळं ओकलं. मास्तरांचं गाव सिंधमध्ये एका विशाल सरोवराच्या काठी होतं. थदडीची पूजा ते दरवर्षी त्या पाण्यावर करत. कॅम्पात आल्यापासून म्हाताऱ्याचा एकच धोशा: इथं ढंढ नाही. कुणीतरी त्यांना सांगितलं की डोंगरापलीकडं रेल्वेचं तळं आहे. त्या सकाळी ते हट्टाला पेटले की पूजा तिथंच करायची. बाकीच्यांना धबधबा हवा होता, तळं लांब होतं. भांडण झालं. मुलगा वैतागून सगळ्यांदेखत म्हणाला होता, "बाबा, सिंध गया, ढंढ भी गया. अब उसका नाम मत लो."

"त्यानंतर ते माझ्याशी बोललेच नाहीत," तो म्हणाला आणि रडू लागला. हे एक वाक्य मात्र त्यानं मराठीत म्हटलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं होतं. म्हातारा ठाकराला म्हणाला 'ढंढ', ठाकरानं ऐकलं 'धोंड'. दोघांनीही हात पसरून मोठं, मोठं म्हणून मान डोलावली असेल. आणि रखवालदाराला बांधावर दिसलेला तो इरलंवाला ठाकर? इरल्याखाली पाठमोरा माणूस ठाकर आहे की निवृत्त शाळामास्तर, हे कोण सांगणार?

अंबरनाथच्या एका कारखान्यातल्या ओळखीच्या अधिकाऱ्याची जीप मागून घेतली. मुलाला आणि एका शिपायाला बरोबर घेतलं. जमादारांना सांगितलं, "आरोपीला आता कुणी हात लावायचा नाही." त्यांनी मान हलवली. घाईत मी ती मान नीट पाहिली नाही.

बांधावर जीप थांबवून आम्ही काठानं चालत निघालो. तळं काठोकाठ भरलं होतं. पलीकडून मलंगगडाच्या कड्यावरून धबधब्यांच्या पांढऱ्या रेषा उतरत होत्या, आणि सगळा डोंगर पाण्यात उलटा पडला होता. सुंदर जागा आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्याआधी तिथं दोनदा आलो होतो, दोन्ही वेळा बुडालेलं प्रेत काढायला.

पलीकडच्या काठाला एका आगरी बाईचा म्हशींचा गोठा होता. दाराला इरलं टेकवून ठेवलेलं. आत गवताच्या शेजेवर म्हातारा पडलेला. पायाचा घोटा सुजून मडक्याएवढा झालेला, अंगात ताप, पण शुद्धीवर.

बाई म्हणाली, "गडावरचा फकीर हाय, असा वाटला मना. बोलतो त्यातला काय कलत नाय. पाय मोडलेला, मंग पेज घातली. फकीराला कोन नाय म्हनील?"

हे तिचं म्हणणं गैर नव्हतं. मलंगबाबाच्या वाटेवर असे फकीर बारमाही असतात. पांढरी दाढी, परकी बोली, खांद्यावर इरलं. तिनं माणुसकी दाखवली, चौकशी केली नाही. आम्ही चौकशी केली होती.

मुलगा बापाच्या पायांशी बसला. म्हातारा माझ्याकडं बघून उर्दूवळणाच्या हिंदीत म्हणाला, "उस भले आदमी से मैंने पानी पूछा, वो पत्थर पे ले गया. मगर पत्थर पे खडा हुआ तो दूसरी तरफ नीचे सारी ढंढ दिखी. वो आने तक रुकना चाहिये था. मैं रुका नहीं." मग त्यानं विचारलं, "मेरा कोट उसके पास है. उसको बताया किसी ने, मैं ठीक हूं?"

मी म्हणालो, "आता सांगू."

साडेअकराच्या सुमारास जीप ठाण्याच्या आवारात आली. म्हाताऱ्याला दोघांनी धरून उतरवलं. व्हरांड्यात म्हातारी उठून उभी राहिली. मी पुढं होऊन पायऱ्या चढलो, तर जमादार दारातच होते. त्यांच्या हातात कागद होता आणि चेहरा समाधानाचा.

"साहेब, तुम्ही गेल्यावर अर्ध्या तासात फुटला. कबुली दिली. मॅजिस्ट्रेटकडं न्यायच्या आधी काम झालं."

मी कागद घेतला आणि वाचला. सुवाच्य अक्षर होतं. कोटाच्या लोभानं इसमास वाघधोंडीवर नेलं. पाठीमागून धक्का दिला. इसम डोहात पडताना 'अरे देवा' असं ओरडला. दोन वेळा वर आला, मग दिसला नाही. खाली अंगठ्याचा ठसा, शाई नीट लागलेली.

मी तो कागद हातात धरून वळलो. 'मयत इसम' पायरीवर बसून बायकोच्या हातचं पाणी पीत होता.

जमादारांनी त्याच्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "मग डोहात पडला तो कोण?" त्यांना मी काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. पण एक कबूल करतो: त्यांच्याविरुद्ध मी वर काही कळवलं नाही. कळवलं असतं, तर आदल्या संध्याकाळी मी काय म्हणालो होतो, तेही लिहावं लागलं असतं. तो कागद मी फाडला आणि डायरीत नोंद केली: 'हरवलेला इसम जिवंत मिळून आला. संशयितास चौकशीअंती सोडून दिले.'

कोठडी मी स्वतः उघडली. ठाकर भिंतीला टेकून बसला होता. ओठ फुटलेला. उभं राहताना त्यानं भिंतीचा आधार घेतला. मी सांगितलं, म्हातारा जिवंत आहे, बाहेर बसलाय, तुझी काही चूक नाही. त्याचा विश्वास बसेना. त्याला दारापर्यंत आणून म्हातारा दाखवला, तेव्हा त्यानं हात जोडले. कुणाला जोडले, मला कळलं नाही.

माझ्या मनात एक प्रश्न होता, तो मी विचारला. विचारला नसता तर बरं झालं असतं.

"अरे, तू ढकललं नव्हतंस, तर ढकललं असं का सांगितलंस? मार खावा लागला म्हणून?"

तो विचार करून म्हणाला, "मार तं खाल्ला, सायब. पन त्यानी नाय. तुमी सगली शिकलेली मानसं. समदी एकच बोलत व्हता. मंग रातभर बसून मना पन तसाच दिसाया लागला. वाटला, आपुनच नेला धोंडीवर, पाय घसरला असंल त्याचा, आपलाच हात लागला असंल. मना आवाज बी ऐकाया आला त्याचा."

म्हातारा मास्तर त्याला कोट देऊ पाहत होता. त्यानं घेतला नाही. लावणीचं भात बघायचं आहे, म्हणाला, आणि निघून गेला.

पुढं नोकरीत मी बऱ्याच कबुल्या पाहिल्या, घेतल्याही. प्रत्येक वेळी कागद बाजूला ठेवून मी आरोपीला एकट्याला विचारत असे, "हे तुला आधी कुणी सांगितलं?" त्यामुळं माझ्या दोन खटल्यांतले आरोपी सुटले आणि वरिष्ठांचे शेरे खराब झाले. त्याचं मला काही वाटत नाही.

वाटतं ते वेगळंच. त्या म्हाताऱ्याचा ताप तीन दिवसांनी बदलापूरच्या डॉक्टरांच्या औषधानं उतरला. त्या गोठ्यात, फकीर म्हणून, तो आम्ही पोचायच्या आदल्या रात्री मेला असता, तर आगरी बाईनं त्याला गडाच्या वाटेवर पुरलं असतं. कोट माझ्याकडं होता, साक्षीदार होते, कबुली होती, आणि आरोपीला स्वतःलाच खात्री होती. नोकरीतली माझी सगळ्यात पक्की केस तीच ठरली असती.